चहा प्यावा चव ओळखून

आरोग्याच्या पानावर चहाचं नाव दिसलं की वाचणाऱ्या बायकांना वाटतं, आता ही आपल्याला चहा सोडायला सांगणार. मी तसं सांगणार नाही. मी स्वतः सकाळी आल्याचा आणि दुपारी चारला गवती चहा घातलेला, असे दोन कप घेते आणि मजेत घेते. आपल्या वस्तीत बैठक असो, बारसं असो, मयतीचं घर असो की मोर्चाची तयारी, पातेलं चुलीवर चढल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. तेव्हा चहा राहणार आहे हे धरूनच बोलू.

प्रश्न वेगळा आहे. आपण जो चहा पितो त्याची चव आपल्याला कळते का? बहुतेक घरांत कळते ती साखरेची, आणि उकळून उकळून आलेल्या कडकपणाची. आलं घातलेलं असतं पण ते लागत नाही, वेलची घातलेली असते पण तिचा वास पातेल्यातून कधीच उडून गेलेला असतो. याचा संबंध नुसत्या मजेशी असता तर मी या पानाची जागा अडवली नसती. तो आपल्या बायकांच्या अंगातल्या रक्ताशी आहे. म्हणून आधी चव समजून घेऊ, मग रक्ताकडे वळू.

जिभेवर काय होतं

आज घरी एक प्रयोग करा. अर्धा कप कोरा चहा करा, साखर नाही, दूध नाही, मसाला नाही. चहापत्ती नेहमीएवढीच घाला आणि चांगली दहा मिनिटं उकळा. कोमट झाला की एक घोट घ्या, लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. आधी कडू लागेल. मग गालांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर ओढल्यासारखं होईल, तोंड कोरडं पडल्यासारखं वाटेल. कच्चं केळं, सुपारी, कच्चा पेरू किंवा जांभूळ खाल्ल्यावर होतं तसंच. याला आपण तुरट म्हणतो.

कडू ही चव आहे. तुरटपणा मात्र चवीपेक्षा स्पर्शासारखा आहे. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, ती तोंड बुळबुळीत ठेवतात. चहात जी तुरट द्रव्यं असतात, ज्यांना टॅनिन म्हणतात, ती या प्रथिनांना पकडतात. लाळेतला बुळबुळीतपणा गेला की जीभ टाळूला घासते आणि कोरडं लागतं. दूध घातल्यावर चहा मऊ का लागतो तेही यातूनच कळतं. टॅनिन लाळेऐवजी दुधातल्या प्रथिनांना चिकटतात. ‘पकडणं’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता दुसरा प्रयोग, हा पोरांनाही आवडतो. नाक चिमटीत घट्ट धरा आणि वेलचीचे दोन दाणे चावा. थोडं तिखट, थोडं थंड, एवढंच कळेल. आता नाक सोडा. एकदम वेलची! म्हणजे वेलचीची जी ‘चव’ आपण म्हणतो ती जिभेला लागतच नव्हती, ती नाकाला लागत होती. तोंडातली वाफ घशाच्या मागच्या बाजूने नाकात जाते. सर्दी झाल्यावर चहा पाणचट का लागतो, त्याचं उत्तर हेच. पुदिना, गवती चहा, तुळस, दालचिनी, बडीशेप, या सगळ्यांची गंमत नाकात आहे. आल्याचं तसं नाही, त्याला वासही आहे आणि जिभेवर झोंबणारा तिखटपणाही आहे.

थोडक्यात, कपात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक वास, दुसरा तुरटपणा. वास लवकर उतरतो आणि लवकर उडून जातो. तुरटपणा सावकाश उतरतो आणि जितकं उकळाल तितका वाढत जातो. आपण करतो उलटं. वास उडेपर्यंत उकळतो, तुरटपणा काठोकाठ उतरवतो, आणि मग तो झाकायला साखर ओततो.

फुरका मारणारे पगारी लोक

चहा चाखणं हा पगारी धंदा आहे. कोलकात्यात 1861 पासून चहाचे लिलाव होतात, गुवाहाटीचं लिलाव केंद्र 1970 चं. बागेतून आलेल्या चहाचा भाव ठरवण्याआधी चाखणारे लोक ओळीने मांडलेल्या वाट्यांतून एकेक घोट घेतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाखणीचा चहा करताना 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती घेतात आणि 6 मिनिटं झाकून ठेवतात. चाखताना हे लोक चमच्याने घोट घेऊन जोरात फुरका मारतात, अगदी दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल असा, आणि चव बघून थुंकून टाकतात. फुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचा तोंडात फवारा होतो आणि वास नाकापर्यंत पोचतो.

आणि आपल्याकडे? बशीत ओतून फुर्र फुर्र पिणाऱ्या आजीला नातवंडं ‘गावंढळ’ म्हणून हसतात. आजीची पद्धत दोन कारणांनी बरी आहे. एक तर फुरक्याने चव जास्त कळते. दुसरं म्हणजे बशीत चहा पसरतो आणि चटकन निवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सिअसच्या वर गरम असलेली पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात असं म्हटलं आहे. दोष चहाचा नाही, कढतपणाचा. उकळता चहा घशाखाली ओतून ‘मला गरमच लागतो’ म्हणून मिरवणारे भाऊ, काका आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्या हातात बशी द्या. बशी नसेल तर कप पाच मिनिटं ठेवू द्या.

तुरटपणा पोटात गेल्यावर

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतात हे आपण पाहिलं. पोटात गेल्यावर ते लोहालाही पकडतात. मेथी, डाळ, मटकी, बाजरी, नाचणी यांतलं लोह आतड्यातून रक्तात जायच्या आधीच चहातली ही द्रव्यं त्याला बांधून टाकतात, आणि बांधलेलं लोह शौचावाटे निघून जातं. जेवणासोबत घेतलेला कडक चहा भाजी-भाकरीतून मिळणारं लोह निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आणू शकतो. मटण, मासे, सुकट, बोंबील यांतलं जे खास लोह असतं त्यावर हा परिणाम बराच कमी होतो. पण ते रोज कुठे परवडतं?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं. शंभरातल्या सत्तावन्न. तुमच्या महिला मंडळाच्या बैठकीत वीस जणी बसल्या असतील तर त्यातल्या अकरा-बारा. जिना चढताना धाप, सतत थकवा, चिडचिड, केस गळणं, याला आपण ‘कामाचा ताण’ म्हणतो आणि तरतरी यावी म्हणून आणखी एक चहा टाकतो.

मी वॉर्डात असताना एक गरोदर ताई तपासणीला यायची. तीन महिने लोहाच्या लाल गोळ्या घेत होती, खोटं बोलत नव्हती, रिकामी पाकिटंही दाखवायची. हिमोग्लोबिन मात्र साडेसातच्या पुढे हलेना. शेवटी एकदा तिला विचारलं, गोळी कशाबरोबर घेतेस? म्हणाली, “सकाळच्या चहाबरोबर. पाण्याबरोबर मळमळतं ना.” गोळी रात्री जेवणानंतर दीड-दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली, सकाळचा चहा तसाच ठेवला. पुढच्या तपासण्यांत आकडा वर सरकू लागला. दरवेळी कारण चहाच असेल असं मात्र नाही. जंत, मूळव्याध, पाळीत जास्त रक्तस्राव, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हीसुद्धा कारणं असतात. नियमित गोळी घेऊन रक्त वाढत नसेल तर दवाखान्यात तपासून घ्यायलाच हवं.

म्हणून वेळ सांभाळा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 च्या आहार मार्गदर्शनात हेच सांगितलं आहे की जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा. लोहाच्या गोळीसाठी मी दोन तासांचं अंतर सांगते. शाळेत मुलामुलींना आठवड्याला जी निळी गोळी मिळते तिलाही हेच लागू आहे. कॅल्शियमची गोळीसुद्धा लोहाच्या गोळीसोबत घेऊ नका. जेवणात लिंबू पिळा, पेरू किंवा आवळा खा. त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने.

चार घरचा चहा

आपल्या अनेक बहिणी धुणीभांडी, स्वयंपाकाला जातात. सकाळी सहाला घरातून निघताना एक चहा, पहिल्या घरी एक, तिसऱ्या घरी एक. खायला कोणी विचारत नाही, चहा मात्र विचारतात. साखर आणि दूध भूक मारतात, दुपारचे दोन होतात, मग घरी येऊन शिळी चपाती आणि पुन्हा चहा. या बाईला ‘चहा कमी कर’ म्हणणं सोपं आहे. तिच्या पिशवीत सकाळीच एक चपाती-भाजी, दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे-फुटाणे गेले पाहिजेत, आणि ते चहाच्या आधी तासभर खाल्ले गेले पाहिजेत. चहा भुकेची जागा घेतो तेव्हा तो त्रासदायक होतो.

अजूनही काही घरांत कामवालीचा कप वेगळा असतो, कान तुटलेला, सिंकखाली ठेवलेला. हॉटेल-खाणावळीतली भांडी वापरू न देणं हा 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यानेच गुन्हा ठरवला, पण घराच्या ओट्यापर्यंत तो कायदा पोचलेला नाही. अशा कपातला चहा नाकारला म्हणून कोणाचं काम सुटू नये, हे बघायला संघटना लागते. तो विषय या पानापेक्षा मोठा आहे, पण चहाबद्दल बोलताना कपाबद्दल गप्प बसणं मला जमत नाही.

आधी मसाला, मग पत्ती

आपण जी दाणेदार पत्ती वापरतो तिला सीटीसी म्हणतात, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून, गोळी वळवलेली. पान इतकं बारीक झालेलं असतं की रंग एक-दोन मिनिटांत उतरतो. त्याला दहा मिनिटं उकळायची काहीच गरज नाही. गंमत म्हणजे स्वातंत्र्याआधी चहा विकणाऱ्यांनी देशभर प्रचार केला, रेल्वे स्थानकांवर तामचिनीच्या पाट्या लावून चहा कसा करायचा ते शिकवलं, आणि त्या पाट्यांत पान उकळायला सांगितलेलं नव्हतं. उकळतं पाणी किटलीतल्या पानांवर ओता, पाच मिनिटं झाका, मग दूध-साखर घाला, असं होतं. उकळणं आपलं. स्वस्त पत्तीतून शेवटचा थेंब काढायची ती गरज होती. आजच्या दाणेदार पत्तीला ती गरज नाही.

तर क्रम असा ठेवा. पाणी तापत ठेवा, त्यात आधी आलं आणि गवती चहा घाला, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं उकळू द्या. मग दूध घालून उकळी येऊ द्या. मग पत्ती, कपाला सपाट एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. दोन मिनिटं झाली की गॅस बंद. वेलची, पुदिना, तुळस यांतलं जे घालायचं ते आता, बंद केल्यावर, आणि झाकण. दोन मिनिटांनी गाळा. झाकण उघडताना जो वास येतो तो आजवर तुम्ही छताला देत होतात.

आल्याबद्दल एक तक्रार सगळीकडे ऐकू येते, ‘आलं घातलं की दूध फाटतं’. ते खरं आहे. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारा एक पाचक घटक असतो, तो दूध फाडतो. उकळीने तो निकामी होतो. म्हणून आलं दुधात नाही, आधी पाण्यात उकळायचं. चार कपांना अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून पुरे. सुंठ वापरत असाल तर अगदी चिमूट, कारण आलं वाळताना त्याचा तिखटपणा वाढतो.

वेलची महाग आहे, मान्य. दोन वेलच्या सालीसकट ठेचा. दाणे खिरीत गेले असतील तर नुसती सालं चहापत्तीच्या डब्यात टाकून ठेवा, आठ दिवसांत पत्तीला वास लागतो. यासाठी डबा घट्ट झाकणाचा हवा. चहापत्ती शेजारचा कोणताही वास ओढून घेते. डबा सुकटीच्या बरणीजवळ ठेवाल तर काय होईल ते सांगायला नको.

गवती चहा मला सगळ्यांत आवडतो, आणि तो फुकट आहे. एक खुंट कोणाकडून तरी मागून आणा, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा फुटक्या बादलीत लावा, पाणी साचू देऊ नका, ऊन मिळू द्या. महिन्या-दोन महिन्यांत पात्या कापायला येतात. कोणी याला हिरवा चहा म्हणतात, पण हे चहाचं झाड नाही, गवत आहे, आणि त्यात कॅफिन नसतं. पात्यांची गाठ मारून पाण्यात टाकायची. नुसता गवती चहा, आलं आणि शेवटी लिंबू, पत्ती अजिबात नाही, हा रात्री प्यायला उत्तम. झोप उडत नाही.

तुळशीबद्दल काही बहिणी विचारतात, आपण बौद्ध, आपल्याला चालते का? पूजा करायची नाही हे ठरलेलं आहे. पानाचा वास घ्यायचा नाही असं कुठे ठरलेलं आहे? कुंडीत लावा, पुदिन्यासारखी वापरा. फक्त तिने सर्दी, ताप, साखर, सगळं बरं होतं असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर काढ्यावर दिवस काढू नका, थुंकी तपासून घ्या.

जेष्ठमधाची काडी गोड लागते म्हणून साखरेऐवजी घालायची पद्धत वाढली आहे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ती रोज घालू नये. जेष्ठमध रक्तदाब वाढवतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरवतो. गरोदर बाईनेही टाळावा. दालचिनीचा बोटाच्या नखाएवढा तुकडा पुरे, बाजारातली जाड सालीची दालचिनी रोज भरपूर खाणं यकृताला चांगलं नाही. लवंग एक. मिरी दोन. मसाल्याने कप भरायचा नाही, वास यायला हवा.

कोऱ्या चहात लिंबू पिळल्यावर रंग एकदम फिका होतो, पोरं याला जादू म्हणतात. आंबटपणामुळे चहातल्या रंगद्रव्याचा रंग बदलतो, बाकी काही नाही. दुधाच्या चहात मात्र लिंबू नको, आणि गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावर. गुळाने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. मधुमेह असलेल्याच्या रक्तात गूळही साखरच वाढवतो.

मंडळात चाखणी

हे वाचून जमत नाही, चाखूनच जमतं. रविवारी विहारात किंवा कोणाच्या घरी दहा-बारा जणी जमता तेव्हा एकदा करून बघा. चार पातेली घ्या. पहिल्यात साधा चहा, दोन मिनिटांचा. दुसऱ्यात तोच चहा, दहा मिनिटं उकळलेला. तिसऱ्यात आलं आणि गवती चहा आधी उकळून केलेला. चौथ्यात शेवटी वेलची घालून झाकलेला. पाणी, दूध, पत्ती चारही ठिकाणी मोजून सारखी. साखर कशातच नाही. पातेल्यांवर नुसते आकडे लिहा, आत काय आहे ते करणारीलाच ठाऊक असू द्या.

दोन घोटांपुरता चहा प्रत्येकीला. आधी वास घ्या, मग फुरका मारा, मग गालाला ओढ किती बसते ते बघा. मधे साध्या पाण्याने चूळ भरा, नाहीतर दुसऱ्या पातेल्याचा तुरटपणा तिसऱ्यातही लागेल. कोणता आवडला ते आकड्याने सांगा, आणि मग प्रत्येक पातेल्यात अर्धा चमचा साखर घालून पुन्हा चाखा. मी जिथे जिथे हे केलं तिथे दुसऱ्या पातेल्यालाच सगळ्यांत जास्त साखर मागितली गेली. तिसऱ्या-चौथ्याला बायका स्वतःच म्हणाल्या की एवढी पुरे. वेलची आणि बडीशेप यांचा वास आपल्या डोक्यात खिरीशी, मिठाईशी जोडलेला असतो, त्यामुळे कमी साखरेतही गोड वाटतं.

आता साखरेचा हिशोब करा. लहान चमचा साखर म्हणजे चार-पाच ग्रॅम. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे, साधारण 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घेतलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, शक्यतो पाच टक्के, म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. नुसत्या चहातच ती हद्द ओलांडली. महिन्याला माणशी 1 किलो 200 ग्रॅम. घरात चार मोठी माणसं असतील तर जवळपास पाच किलो साखर फक्त चहात जाते. त्या पैशात किती अंडी येतात ते तुमच्या वाण्याच्या भावाने तुम्हीच काढा. एकदम बंद करू नका, घरात भांडण होईल. दर आठवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा, जिभेला नवी सवय लागते. सासऱ्यांना सांगू नका, त्यांच्या लक्षातही येणार नाही.

कॅफिनचंही एकदा सांगते. त्याच 2024 च्या मार्गदर्शनात 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन आणि दिवसाची मर्यादा 300 मिलिग्रॅम दिली आहे. मोठ्यांनी तीन-चार कपांवर थांबावं. गरोदर बाईने दोन लहान कप.

लहान मुलांना चहा नको. चहात चपाती कुस्करून वर्षाच्या पोराला भरवतात, पोर शांत होतं, पोट भरल्यासारखं दिसतं. त्या वाटीत दूध नावापुरतं, साखर भरपूर, आणि चपातीतलं लोह चहाने बांधलेलं. त्याऐवजी वरणात कुस्करा, किंवा नुसत्या दुधात. मोठ्या मुलांना घरातल्यांसोबत कप हवाच असेल तर पत्ती न घातलेला गवती चहा द्या. रंग नसला तरी कप तर मिळाला!

दुकानातल्या ‘फ्लेवर’च्या पुड्या

वेलची चहा, मसाला चहा, चॉकलेट चहा, सगळ्याच्या पुड्या आता दहा रुपयांत मिळतात. पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, आपल्याला वाचता येत नसेल तर शिकणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. वेलची घातली आहे की नुसता वेलचीचा कृत्रिम वास, ते तिथे लिहिलेलं असतं. नुसतं गरम पाणी ओतून होणाऱ्या पुडीत घटकांच्या यादीत पहिलं नाव बहुतेक वेळा साखरेचंच असतं. ज्या घटकाचं नाव आधी तो सर्वांत जास्त, असा नियम आहे. साध्या पत्तीच्या डब्यात दोन ठेचलेल्या वेलच्या टाकणं याहून स्वस्त पडतं.

सुटी पत्ती घेत असाल तर भेसळ तपासा. वापरून वाळवलेली पत्ती पुन्हा रंग देऊन विकतात. पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पत्ती पसरा, वर थोडं पाणी शिंपडून कागद ओला करा, मग पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडात धरून बघा. चांगल्या पत्तीचा डाग पडत नाही. रंग दिलेली असेल तर कागदावर लगेच ठिपके उमटतात. पत्तीवरून लोहचुंबक फिरवलं तर लोखंडाचा चुरा असल्यास चिकटतो, आणि हे लोखंड रक्तवाढीच्या कामाचं नाही. डाग पडला तर पत्ती वापरू नका, दुकानदाराकडून पावती घ्या, उरलेली पत्ती पिशवीत बांधून ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. एकटीने गेलं तर टोलवतात. मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करून चार-पाच जणी मिळून जा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.